एकटीनं उचलायची गाडी

वांगणी, ओढ्यापलीकडचा पाडा
१८ सप्टेंबर २०२४

चि. करिष्मा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

वरची ओळ शेजारच्या सुनेची, सुरुचीची. अंगणवाडीत ताई झाल्यापासून तिला सगळं रीतीनं लागतं. मी म्हटलं लिही, आशीर्वादाला काय तोटा. पण इथून खालचं सगळं माझं. मी बोलेन तसंच लिहायचं आणि बाहेर कुणाला सांगायचं नाही, असं तिच्याकडून कबूल करून घेतलंय.

गणपती आले, गौरी आल्या, काल सगळे गेले. तू काही आली नाहीस. कंपनीत ओव्हरटाइम आहे असं तुझ्या आप्पाला फोनवर सांगितलंस. कमळाकरला पटलं. तो बापावर गेलाय, भोळा आहे. मी नाही.

बदलापूर ते वांगणी एक स्टेशन. एका स्टेशनावरून पोरगी सणाला येत नाही, म्हणजे एकतर कुणीतरी आवडलंय, नाहीतर काहीतरी मोडलंय. आणि परवा विठा भाजी घेऊन उल्हासनगरला गेली होती, तिनं तुला पाहिलं. एका गॅरेजबाहेर उकिडवी बसून तू मोटरसायकलच्या पोटाखाली बघत होतीस म्हणे. एक हात ओढणीखाली. विठानं हाक मारली तर तो हात आणखी आत गेला. अंगठी लपवत होतीस काय गो?

मुलाचं नाव काय, गाव कुठलं, आणि त्याची गाडी त्याला स्वतःला का बघता येत नाही, एवढं कळव. फोन करू नकोस. मला ऐकू यायचं तर कमळाकर स्पीकर लावतो, आणि माझ्याआधी सगळा पाडा ऐकतो. चिठ्ठी विठाकडे दे. ती सकाळची बदलापूर स्टेशनाबाहेर बसते.

तुझी आजी पुतळाबाई
(अंगठा माझा, शाई सुरुचीची.)


हेंद्रेपाडा, बदलापूर पश्चिम
२२ सप्टेंबर २०२४

आजी, नमस्कार.

मुलगा नाही. अंगठी नाही. गाडी माझ्यासाठीच बघत होते.

तुला सगळं सांगते, पण आप्पांना सांगू नकोस. अंबरनाथला मिलिंद सर म्हणून आहेत, ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले. ते दर रविवारी मुंबईच्या लोकांना मोटरसायकलवरून डोंगरात फिरवतात. रस्त्यानं नाही, पायवाटेनं. ओढे, कातळ, बैलगाडीच्या जुन्या वाटा. तिथं सगळ्यांच्या पुढे एकजण लागतो, वाट दाखवणारा. त्यांचा पुढचा माणूस नोकरीला पुण्याला गेला. ती जागा मला हवीय. कंपनी सोडणार नाही, रविवारचंच काम आहे. पण लॅबमध्ये सहा दिवस बाटल्यांवर लेबलं चिकटवते ना, तेव्हा डोक्यात तेवढंच चालू असतं, की पुढे मी आहे आणि मागे सगळे.

पाचजण तयार आहेत. जानेवारीत सरांची परीक्षा आहे. ओढा, चढ, वरचा माळ आणि रानातून उतार, असा एक फेरा. गाडी पडली तर चालेल, पडतेच. पण कुणाचा हात गाडीला लागला की बाद. सर म्हणतात, पुढच्या माणसाच्या पुढे कुणी नसतं, तेव्हा त्याला एकट्यानं निस्तरता आलं पाहिजे.

ऑगस्टमध्ये मामाच्या अल्पेशदादाची गाडी घेऊन एकदा गेले होते. चारशे सीसीची, रुबाबदार. थोडी घसरले. विशेष काही नाही.

आता प्रश्न गाडीचा. दादा म्हणतो घ्यायची तर मोठीच, लग्नात उभी केली तरी शोभली पाहिजे. दुकानातला म्हणतो मधली घे. तू काय म्हणशील? मोटरसायकलीतलं तुला काय कळणार हे मला माहीत आहे, तरी विचारते.

करिष्मा


वांगणी
२७ सप्टेंबर २०२४

चि. करिष्मा,

सुरुचीनं पत्र वाचलं आणि म्हणाली, हिचं अक्षर फार बिघडलंय आजी. मी पान हातात घेतलं. मला अक्षर येत नाही, पण सारवलेल्या ओटीवर कुणाची बोटं फिरलीत ते मी सांगू शकते. तुझ्या ओळी नेहमी उजवीकडे चढतात, शेळीसारख्या. ह्या सगळ्या घसरल्यात. हे पान डाव्या हातानं लिहिलंय. म्हणजे ओढणीखाली अंगठी नव्हती, उजवा हात होता.

विशेष काही नाही म्हणतेस. बरं. पुढच्या पत्रात जे विशेष नाही ते सगळं सांग.

मी नको म्हणणार नाही, आणि कमळाकरलाही सांगणार नाही, शब्द दिला. नको म्हणून कुणी ऐकलंय आपल्या घरात? पण मला काय कळणार असं लिहिलंस त्याचं उत्तर घे.

तुझे आजोबा आणि मी म्हसा गावच्या जत्रेला गेलो होतो. मी घोंगडी घ्यायला, ते बैल घ्यायला. तिथं देशावरचा एक खिलारी उभा होता. पांढराशुभ्र, शिंगं ही एवढी, लोक नुसते बघायला थांबत होते. त्याच्या पलीकडे एक काळा, बुटका, पोटाशी चिखल वाळलेला. मी म्हटलं हा घ्या. आजोबा म्हणाले, बायांनी घोंगडी बघावी. खिलारी आणला. वाजत आणला. पाड्यातल्या बाया ओवाळायला आल्या. मग पाऊस पडला आणि चिखलणीला जुंपला, तर आपल्या भाताच्या खाचरात पोटापर्यंत रुतला. अंगच तेवढं त्याचं, तो तरी काय करणार. देशावरच्या कोरड्या रानात तो राजा असेल, इथं निम्मा पाडा दोर घेऊन त्याला ओढत होता आणि तो आमच्याकडे बघत होता, जसं काही चूक आमची. आमचीच होती.

पुढच्या जत्रेत काळा बुटका आला. बारा वर्षं राबला. शिवरामनं काय बैल पारखला, असं लोक अजून म्हणतात. म्हणू दे.

म्हणून अल्पेशचं ऐकू नकोस. मिरवायचं जनावर वेगळं, चिखलाचं वेगळं. गाडी कशी दिसते ते विचारू नकोस. तिला आडवी कर आणि एकटीनं उचल. उचलता आली तर तुझी. नाही आली तर ती ज्याची आहे त्याला लखलाभ.

सुरुची म्हणते हे बरोबर आहे. तिला सायकलपण येत नाही.

आजी


हेंद्रेपाडा
२० ऑक्टोबर २०२४

आजी,

उजव्या हातानं लिहितेय. बघून घे, ओळी चढतायत का.

मनगट मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. म्हणून गौरीला आले नाही. ओढ्यात दादाची गाडी आडवी झाली आणि माझा हात खाली. गाडी दोनशे किलोला थोडी कमी. मला ती तसूभर हलवता आली नाही. चारजणांनी उचलली. ते चारजण उचलत असताना मी हात पोटाशी धरून बाजूला उभी होते, आणि मला दुखत नव्हतं, दुसरंच काहीतरी होत होतं.

तुला मे महिन्यातली हळद आठवते, अल्पेशदादाच्या बहिणीची? मी दादाची गाडी मांडवापर्यंत चालवत आणली होती. आप्पा सगळ्यांपुढे म्हणाले, "ही पडली तर गाडीला चार आणि हिला चार माणसं लागतील." मांडव हसला. तू पण हसलीस आजी. तुला ऐकू आलं नव्हतं हे मला माहीत आहे. सगळे हसले म्हणून हसलीस. पण हसलीस.

आणि ऑगस्टमध्ये बरोबर चारच लागले.

आता गाड्यांचं. प्लास्टर निघाल्यावर दुकानात जाऊन मधली गाडी बघितली. दीडशे किलोच्या वर. दुकानातला आडवी करू देईना, म्हणाला मॅडम, असं कुणी बघत नाही. शेवटी गोणपाट टाकून करू दिली. नाही उचलली.

मग उल्हासनगरला हासानंद शेठकडे गेले, विठामावशीनं मला पाहिलं तेच गॅरेज. त्यांच्याकडे जुनी एक आहे, दीडशे सीसीची. वजन एकशेतीसच्या आसपास. बारीक, उंच, चिखलाची चाकं, पोट जमिनीपासून चांगलं वर, दगडाला आपटणार नाही असं. लोक घेईनात म्हणून कंपनीनं ती बनवणंच बंद केलं. शेठ म्हणाले, "बेटी, तीन साल से खडी है. सब पूछते हैं ये इतनी दुबली क्यों है." मी आडवी केली तर ते खुर्चीवरून उठलेच. "अरे साईं, बेचने को रखी है, सुलाने को नहीं."

अर्ध्यावर आली आजी. गुडघ्यापर्यंत. मग पाठीत कळ आली आणि सुटली. तीनदा केलं, तिन्हीदा अर्ध्यावर.

याहून हलकी, डोंगरात चालेल आणि रस्त्यावरही परवानगी असेल अशी दुसरी नाही. म्हणजे माझ्यासाठी गाडीच नाही. आप्पा स्कूटी घेऊन देतो म्हणतात. घेते.

करिष्मा


वांगणी
२४ ऑक्टोबर २०२४

करिष्मा,

आशीर्वाद-बिशिर्वाद नंतर. सुरुचीला म्हटलं सरळ लिहायला घे.

त्या मांडवात मी कशाला हसले ते मला आज कळलं. पाच महिन्यांनी. बहिऱ्या माणसानं दुसऱ्यांची तोंडं बघून हसू नये, एवढं या वयात शिकले. कमळाकरला आत्ता काही बोलत नाही, तुला शब्द दिलाय. पण त्याचं हे मी बाजूला काढून ठेवलंय.

आता मला सांग, तू ती गाडी कशी उचलत होतीस? तिच्यापुढे वाकून, दोन्ही हातांनी, पाठीनं? असंच ना? तिन्हीदा? म्हणजे पुरुष उचलतात तशी. त्यांचं चालतं, त्यांना चौघं असतात.

मी एकोणीस वर्षांची होते तेव्हा भाताचे भारे खाचरातून खळ्यावर आणायचे. भारा डोक्यावर चढवून द्यायला दुसरं माणूस लागतं. दुसरं माणूस म्हणजे तुझे आजोबा, आणि ते बांधावर बसून विडी ओढत नाहीतर शर्यतीच्या गोष्टी सांगत. दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली नाही. भारा ओढत बांधाला टेकवला. त्याच्याकडे पाठ केली. पाठ अगदी चिकटवली. खाली बसले, ढुंगण टेकेल इतकी खाली. हात मागे नेऊन दोर धरला. आणि उठले. वाकून नाही, नुसती उठले, जशी चुलीपुढून उठतो. ओझं पाठीला कळलंच नाही, मांड्यांना कळलं. बाईच्या मांडीत काय जोर असतो ते बाईलाही माहीत नसतं, कारण तिला कुणी विचारत नाही.

त्या दिवसापासून मी माझे भारे एकटीनं उचलले. आजोबांना वाईट वाटलं. त्यांची विडी गोड लागेना.

तर तू त्या दुबळीकडे पाठ कर. बूड सीटला लाव. एका हातानं हँडल, एका हातानं मागचं जे काय धरण्यासारखं असेल ते. आणि मागे मागे पावलं टाकत उठ. लहान पावलं. पुढे बघ, गाडीकडे बघू नको. ओझ्याकडे बघितलं की ते वाढतं.

आणि शेठकडे जायचं तर संध्याकाळी जा. बैल सकाळी सगळेच ताजे असतात. दिवसभर उभा राहून थकल्यावर खरा कळतो.

स्कूटीचं नाव काढलंस तर मी खरंच बहिरी होईन.

आजी


हेंद्रेपाडा
११ नोव्हेंबर २०२४

आजी,

उचलली.

दिवाळीच्या पाडव्याला शेठनी दुकान पूजेपुरतं उघडलं होतं. मी म्हटलं, अजून एकदा आडवी करू द्या. ते म्हणाले, आज त्योहार आहे, आज तरी हिला झोपवू नकोस. मग माझं तोंड बघून बाजूला सरकले. मी पाठ केली, बसले, धरलं, आणि चुलीपुढून उठते तशी उठले. ती माझ्यासोबत उभी राहिली. शेठच्या हातात आरतीचं ताट होतं, ते तसंच. म्हणाले, "फिर से करके दिखा." पुन्हा करून दाखवलं. त्यांनी दोन मेकॅनिकना हाक मारून बोलावलं आणि तिसऱ्यांदा करायला लावलं. मग गाडीला हळदकुंकू त्यांनीच लावलं.

एक मात्र तुझं उलटं निघालं. संध्याकाळचं. मेकॅनिक म्हणाला, जुनी गाडी सकाळी थंड असताना चालू करून बघायची. गरम झाल्यावर सगळ्याच चांगल्या चालतात. थंडीत कुरकुरली तर खोट समजायची. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सातला जाऊन पुन्हा बघितली. दुसऱ्या किकला लागली.

दुबळी आता माझी आहे. नाव तेच ठेवलंय, तू ठेवलेलं. साडी-गार्ड काढलं, पायाचं लोखंडी गार्ड काढलं, जे जे फक्त वजन होतं ते काढलं. मागची चेनची चक्री मोठी बसवली. त्यामुळे पळणार कमी, पण चढाला हळूहळू ओढत राहील. सीट उंच आहे, माझे दोन्ही पाय टेकत नाहीत. मिलिंद सर म्हणाले, दोन कशाला हवेत, एक टेकव, बूड जरा सरकव.

रोज सकाळी ड्यूटीच्या आधी बिल्डिंगच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर तिला आडवी करते आणि उचलते. दहादा. पहिल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरचे काका बनियनवर धावत आले, ॲक्सिडेंट झाला म्हणून. हात लावू नका म्हटलं तर रागावले. आता ते गॅलरीतून मोजतात. काल नऊवर थांबले तर वरून म्हणाले, एक राहिलं.

करिष्मा


वांगणी
१६ डिसेंबर २०२४

चि. करिष्मा हिस आशीर्वाद. (आज सुरुचीला लिहू दिलं.)

बैल आणि गाडीत फरक असतो हे कळलं. सकाळी तर सकाळी. एक चुकलं, एक बरोबर आलं, जत्रेतही माझा हिशोब असाच असायचा.

साडी-गार्ड काढलंस. म्हणजे मी बसायचं नाही. बरं.

बातमी अशी की अल्पेश रविवारी आला होता. त्या परीक्षेत तोही आहे, हे तू मला लिहिलं नाहीस. कोंबडीच्या रश्श्याशी सांगत होता, की पाचात एक मुलगी आहे, नाव सांगत नाही, बिचारी जुना खटारा घेऊन येते. कमळाकर म्हणाला, कुणाची मुलगी असेल, आईबाप बघत नाहीत का. मी रस्सा वाढत होते. कमळाकरच्या ताटात आणखी वाढला. तो म्हणाला पुरे. मी म्हटलं ऐकू आलं नाही, आणि वाढतच राहिले.

अल्पेश वाईट नाही. तुझं नाव सांगितलं नाही, एवढी अक्कल आहे. पण त्याच्या बापाचा रुबाब त्याला आणि त्याचा रुबाब गाडीला. बघ, ओढ्याला रुबाब कळतो का.

परीक्षेच्या दिवशी भात खाऊन जाऊ नकोस, जड होशील. भाकरी खा.

आजी


हेंद्रेपाडा
१२ जानेवारी २०२५

आजी,

सगळं क्रमानं सांगते, नाहीतर तू म्हणशील मधलं खाल्लं.

सकाळी आठला सुरू झालं. एकेकाला पाच-पाच मिनिटांच्या अंतरानं सोडत होते. अल्पेशदादा माझ्या पुढे. ओढ्याला पाणी घोट्याएवढंच, पण काठाला ती काळी चिकट माती. दादा जोरात घुसला, आणि मागचं चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि ॲक्सलपर्यंत आत. मी पोचले तेव्हा तो गाडीवर बसलेला होता आणि गाडी उभी होती, स्टँड न लावता. मातीनंच धरली होती. मला बघून म्हणाला, "जा बाई, बघत काय उभी राहतेस." मी वरच्या अंगानं गेले, दगडांवरून. दुबळी उड्या मारत गेली. तिला रुतायला अंगच नाही.

मग चढ. तो सगळा सुट्या खडीचा आहे, वर पाऊल टाकलं की खाली येतं. निम्म्यावर मागचं चाक सटकलं आणि मी पडले. गाडी उताराच्या बाजूला, चाकं वर. अशी पडली की उचलताच येत नाही. वळणावर मिलिंद सर उभे होते, हात पाठीमागे बांधून. त्यांच्यासोबत दोघं तिघं. एकजण पुढे आला तर सरांनी नुसतं त्याच्याकडे बघितलं.

मनगट मी आधी वळवून बघितलं. ठीक होतं.

पुढचं चाक धरून ओढलं, थोडं थोडं, दगडावरून फिरवत, चाकं खाली येईपर्यंत. तोंडात माती होती. गिअरमध्ये टाकली, नाहीतर उभी राहिल्यावर पळते. मग पाठ केली. बसले. सीटला बूड लावलं. समोर सगळं खोरं दिसत होतं, बारवी धरणाचं पाणी पण दिसत होतं. गाडीकडे बघितलं नाही.

पहिल्यांदा पाय घसरला. पुन्हा बसले. दगडात टाच रोवली. आप्पांचं हळदीतलं वाक्य आठवलं, "ही पडली तर गाडीला चार आणि हिला चार माणसं लागतील." आणि उठले. गाडी उठली. मी मोजलं. एक.

वरच्या माळावर पोचले तेव्हा वारा होता आणि कुणीच नव्हतं. मागचे दोघं चढावर अडकले होते. माळावर गवत वाळून पिवळं झालेलं, मधे मधे काळा कातळ, आणि कातळावरून गाडी चालवली की एकदम आवाज थांबल्यासारखा वाटतो. मी उगाच एक गोल चक्कर मारली. ती परीक्षेत नव्हती.

उतार सोपा गेला. एकदा झाडाला खांदा घासला, तेवढंच.

पाचातून दोघांनी फेरा पुरा केला. दुसरा कर्जतचा एक मुलगा, चांगला चालवतो, पण तो दोनदा वाट चुकला. सरांनी वही मिटली आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी अठराजण आहेत. पावणेसातला यायचं. पुढे तू."

मग आम्ही सगळे दोर घेऊन ओढ्यावर गेलो. दादाची गाडी काढायला सहाजण लागले. दादा धरून.

पुढच्या रविवारी आपल्या पाड्यावरून जायचंय. ओढ्यापलीकडून, जुन्या बैलगाडीच्या वाटेनं.

करिष्मा


वांगणी
१५ जानेवारी २०२५

चि. करिष्मा,

हे पत्र सुरुची लिहीत नाही. ती संक्रांतीला माहेरी गेलीय.

तुझं पत्र विठानं आणून दिलं आणि मला म्हणाली, पोरगी हसत होती. पण विठा सगळ्यांनाच हसताना बघते, भाजी खपली की. पत्र हातात, आणि वाचायला कुणी नाही. ओळी चढत होत्या एवढं दिसलं. पण ओळी चढल्या म्हणजे पास झाली असं थोडंच आहे? एक दिवस उशीखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी लुगड्यात खोचून फिरले. सत्तर वर्षं मला अक्षरावाचून काही अडलं नव्हतं. काल अडलं.

शेवटी कमळाकर जेवून ओट्यावर बसला होता, त्याच्यापुढे ठेवलं. म्हटलं वाच. तुला दिलेला शब्द मोडला. काय करायचं ते कर.

तो मनात वाचायला लागला. मी म्हटलं मोठ्यानं वाच, मला ऐकू येत नाही. मोठ्यानं वाचायला लागला. आणखी मोठ्यानं, म्हटलं. ओढ्यात अल्पेश रुतला तोवर शेजारचे कुंपणापाशी आले होते. चढावर तू पडलीस तेव्हा बाया धुणं तसंच टाकून आल्या. मग ती हळदीची ओळ आली. तिथं तो थांबला. मी विचारलं, अक्षर लागत नाही का? म्हणाला, लागतंय. मग वाच, म्हटलं, लोक थांबलेत. वाचली त्यानं. सगळ्या पाड्यापुढे, स्वतःच्या तोंडानं, मोठ्यानं. हे मी बाजूला काढून ठेवलेलं होतं, ते माझ्या हातून न होता आपोआपच झालं. मला काही बोलावंच लागलं नाही.

"एक" म्हटलं तेव्हा कुंपणापाशी कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनी वाजवली. मला ऐकू आली बरं. तेवढी होती.

तर आता तोच लिहितोय. खाली मान घालून लिहितोय, जसा शाळेत लिहायचा. मी सांगतेय, लिही, "त्या दिवशी माझी चूक झाली." लिहीत नाहीये. पेन थांबलंय. लिही म्हटलं. आता काहीतरी लिहिलं. काय लिहिलंस वाच, म्हटलं, तर वाचतोय, "माझी चूक झाली." पण त्यानं तेच लिहिलंय का, हे मला कसं कळणार? तू बघ आणि सांग.

रविवारी पाड्यातले सगळे वाटेवर उभे राहणार आहेत. तुझ्या मागच्या अठराजणांना चहा द्यायचा का, असं बाया विचारतायत. मी म्हटलं, आधी तिला विचारा, पुढे ती आहे.

चहा झाला का बघून येते, तोवर हा पत्ता घालील.

आजी पुतळाबाई

करिष्मा, ती आत गेलीय. वर माझी चूक झाली असं आलंय ते तिचं बोलणं उतरवलंय, मी माझं म्हणून लिहिलेलं नाही, तिला लिहिलं म्हणून सांगितलं. तिच्या सांगण्यावरून लिहायचं नव्हतं. आता लिहितो. माझी चूक झाली.

रविवारी मी ओढ्याच्या अलीकडे उभा असेन, वडाखाली. मला बघून गाडी थांबवू नकोस. मागे लोक असतील.

आप्पा